बेचाळीस मीटर वर गेलेलं स्वयंपाकघर

दातवाल्यांना वाट सापडत नसे. नव्या गावात अनेकांना सापडत नाही, त्यात विशेष काही नाही. पण दातवाले न्हाव्याच्या खुर्चीतून उठले की दाराऐवजी मागच्या अडगळीच्या खोलीत शिरत. एकदा इस्पितळात कुणाला तरी भेटून निघाले ते थेट धुलाईखान्यात पोहोचले आणि तिथल्या बायकांनी त्यांना कपडे मोजायला आलेला माणूस समजून चहा दिला. आपल्याच गल्लीत दुसऱ्या टोकाने शिरले तर घर उजवीकडे असायचं ते डावीकडे आलेलं पाहून ते क्षणभर थबकत, आणि मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून पाटीवरचं नाव वाचत.

ज्यांनी त्यांना कामाच्या जागी पाहिलं होतं त्यांना हे पटत नसे. दातवाले कवळ्या बनवत. खिडकीखाली एक लांब टेबल, त्यावर मेणाची छोटी ज्योत, आणि भिंतीभर फळ्यांवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत आणि दातवाले त्यांतून तोंडं उभी करत. कवळी एका केसाने उंच झाली तर माणूस बोलताना दात वाजवतो, एका केसाने बुटकी झाली तर गाल आत जातात आणि माणूस असतो त्याहून म्हातारा दिसतो. दातवाल्यांची कवळी सहसा परत येत नसे. म्हणजे उंचीची जाण त्यांच्या बोटांत होती. दिशेचीच तेवढी देवाने द्यायची राहून गेली होती.

ते राहून गेलेलं देवाने टपालबाईंच्या पदरात टाकलं होतं, तेही भरपूर. टपालबाई म्हणजे त्यांची बायको. लग्नाआधीपासून त्या दातवाल्यांच्या भागात टपाल वाटत, आणि डॉक्टरांनी पाठवलेले ठशांचे खोके त्याच आणून देत. दारातूनच सांगत, "आज तीन तोंडं आहेत." एक दिवस दातवाल्यांनी धीर केला आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जायला निघाले. पत्ता खिशात, भांग पाडलेला, बूट चकचकीत. अंधार पडायला आला तरी घर सापडेना. शेवटी शेवटचा फेरा संपवून परतणाऱ्या टपालबाईंनाच ते एका नळापाशी उभे दिसले. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "अपुऱ्या पत्त्याचं टपाल आम्ही परत पाठवतो. पण तुमच्यावर तर पाठवणाऱ्याचाही पत्ता नाही." मग ठेवूनच घ्यावं लागलं, असं त्या पुढे लेकीला सांगत.

डोंगराची ओढही बाईंचीच. आठवडाभर जिने चढउतार करणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवशी तरी पाय वर घेऊन बसावंसं वाटेल की नाही? त्यांना नाही वाटायचं. सकाळी निघायचं, बसने पायथ्याला उतरायचं, जंगलातून झऱ्यापर्यंत, झऱ्यावरून डोंगराच्या धारेने, म्हणजे अरुंद कण्यावरून, वरच्या दगडी निवाऱ्यापर्यंत. परतताना धारेनेच थोडं खाली आलं की एका जागी डावीकडे वळायचं आणि पलीकडच्या गावातून बस पकडायची. बाई पुढे, दातवाले मागे. किती वर्षं ते असे चढले असतील. पण त्या डोंगराबद्दल विचारलं तर दातवाले एवढंच सांगू शकले असते की तो निळ्या रंगाचा आहे आणि त्याचा एक पट्टा टपालाच्या थैलीच्या दोऱ्याने शिवलेला आहे. ती बाईंची पाठपिशवी. इतकी वर्षं त्यांनी दुसरं काही पाहिलंच नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांची तक्रारही नव्हती.

बाईंवरचा त्यांचा भरवसा कसा होता, हे सांगायला एक गोष्ट पुरे. लेकीच्या कॉलेजसाठी परक्या गावात गेले होते. वसतिगृहाचा बाण डावीकडे दाखवत होता, बाई म्हणाल्या उजवीकडे. लेक म्हणाली, "अगं आई, सरळ लिहिलंय की." बाई उजवीकडे चालू लागल्या आणि वसतिगृह तिकडेच निघालं. ट्रकने धक्का देऊन खांबच फिरवला होता. त्या दिवसापासून दातवाल्यांच्या मनात पाटी आणि बायको यांचा क्रम कायमचा ठरून गेला.

मग बाईंचे गुडघे गेले. जिन्यांनी खाल्ले, असं डॉक्टर म्हणाले, आता सपाट रस्त्यावर चालायचं तेवढं. बाईंनी ते मुकाट्याने ऐकलं. दातवाल्यांनी मात्र घरी येऊन जाहीर केलं की मीही आता डोंगर सोडला. आपण काही मोठा त्याग करतोय असा आव त्यांच्या बोलण्यात होता, त्यामुळे बाई भडकल्या.

"का म्हणून?" त्या म्हणाल्या. "गुडघे माझे गेले, तुमचे नाही."

"तुझ्याशिवाय मला वाट कुठे कळते?"

"मग शिका. या वयात लोक काय काय शिकतात. मी इथे बसून राहायचं आणि माझ्यामुळे तुम्हीही बसलात हे रोज बघायचं, हे मला जमणार नाही. आणि तुम्ही गेला नाहीत तर मला वरचं कोण सांगणार?"

दातवाल्यांनी वरचं काहीच पाहिलेलं नव्हतं, पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

यातून मार्ग काढला लेकीने. ती दुसऱ्या गावात नोकरीला होती. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला आली ती दोन घड्याळं घेऊन, उंची दाखवणारी. दुकानात एकावर एक फुकट होतं म्हणून दोन. फोनमधल्या नकाशाचा प्रयोग आधी करून झाला होता. दातवाले फोन गोल गोल फिरवत आणि स्वतःही त्याच्याबरोबर फिरत, आणि आपण कुठे आहोत हे कळलं तरी तोंड कुठे आहे हे काही केल्या कळेना. घड्याळात मात्र नुसता आकडा. वर चढलं की वाढतो, उतरलं की कमी होतो. त्याला डावं-उजवं नाही.

"बाबा, तुमची वाट ठरलेली आहे," लेक म्हणाली. "धारेवर असलात की तुम्ही फक्त पुढे नाहीतर मागे. मग उंची कळली की जागा कळली. वळण कितीवर आहे ते माहीत असलं की झालं."

जुन्या छापील नकाशावर बाईंनी बोट ठेवलं. वळणाशी बारीक अक्षरांत तेराशे दहा छापलेलं होतं. दातवाल्यांचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या भाषेत वाट सांगत होतं.

"पण एक लक्षात ठेवा," लेक पुढे म्हणाली, "हे घड्याळ हवेच्या दाबावर चालतं. हवा बदलली की आकडाही हलतो. म्हणून वाटेत उंची लिहिलेली जागा आली की तिथला आकडा लावून घ्यायचा. ही दोन बटणं एकदम दाबून धरायची." दातवाल्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष बटणांकडे होतं. मेणात काम करून जाड झालेल्या त्यांच्या अंगठ्याखाली एकदम तीन बटणं येत. तीनदा प्रयत्न केला, तीनदा घड्याळ किंचाळलं. शेवटी बाईंनी त्यांचं मनगट ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे. मी लावून देत जाईन." झालं. आकडा लावणं हे बाईंचं खातं, असं दातवाल्यांनी मनात नोंदवलं आणि लेकीचं उरलेलं बोलणं या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

बाईंनी मग त्यांच्या पद्धतीने काम सुरू केलं. स्टेशनच्या पाटीवर उंची लिहिलेली असते. त्या काठी टेकत स्टेशनवर गेल्या, दोन्ही घड्याळं तिथे लावली आणि हळूहळू घरी आल्या. स्वयंपाकघर सहाशे बारा मीटरवर निघालं. दाराच्या चौकटीवर लेक लहान असताना तिच्या उंचीच्या रेघा मारलेल्या होत्या, त्यांच्या शेजारी बाईंनी पेन्सिलीने तेही लिहून टाकलं. "चला," त्या म्हणाल्या, "आता घरातल्या सगळ्यांची उंची झाली." दुसरं घड्याळ त्यांनी स्वतःच्या मनगटावर चढवलं. दातवाल्यांनी विचारलं, "तू कुठे चढणार आहेस?" बाई म्हणाल्या, "वेळ बघायला नको?"

पहिल्यांदा एकटं पाठवताना बाईंनी अट घातली. ओट्याशी उभं राहून त्यांचं घड्याळ सहाशे बारावर लावलं, पट्टा घट्ट केला आणि मनगट न सोडताच म्हणाल्या, "एकदा जरी वाट चुकलात तर डोंगर बंद. कायमचा. मी इथे जीव मुठीत धरून बसणार नाही."

"कबूल," दातवाले म्हणाले.

त्या दोघांनाही कळत होतं की अट एकट्या दातवाल्यांवर नाही. ते चुकले तर बाईंचाही डोंगर जाणार होता, जो काही थोडा त्यांच्यापाशी उरला होता तो.

आणि गंमत म्हणजे दातवाले चुकले नाहीत. एकदा नाही, दोनदा नाही, पुष्कळदा जाऊन आले. धारेवरून उतरताना डोळे मनगटाला चिकटलेले. तेराशे वीस, पंधरा, दहा, की डावीकडे वळलेच. डावं कुठलं हे कळावं म्हणून घड्याळ मुद्दाम डाव्या हातात बांधलेलं होतं. घरी आले की बाई खुर्ची ओढून समोर बसत आणि एकेक चौकशी करत. झऱ्याला पाणी किती होतं? निवाऱ्याचं दार अजून करकरतं का? दातवाल्यांना मग नाइलाजाने बघायची सवय लागली. परीक्षेला बसल्यासारखे ते पाणी बघून ठेवत, दार दोनदा उघडून पाहत. पण एका प्रश्नाला दर वेळी अडत.

"वळणाजवळचा तो मोठा दगड आहे का अजून?"

"आहे की," दातवाले म्हणत. दगड त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. आधी पाठपिशवी होती, आता घड्याळ होतं. मधे दगडाला जागाच नव्हती. बाई त्यांच्याकडे जरा वेळ बघत आणि विषय सोडून देत.

त्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. बाईंनी नेहमीप्रमाणे ओट्याशी आकडा लावून दिला, डब्यात पाव आणि उकडलेली अंडी भरली, आणि दातवाले निघाले. झऱ्यापाशी पोहोचले तेव्हा पाणी किती आहे ते नीट पाहून घेतलं. तिथे पाटी आहे, अकराशे वीस लिहिलेली. सहज म्हणून घड्याळ पाहिलं तर अकराशे पंचेचाळीस.

आता दुसरा कुणी असता तर त्याने घड्याळ पाटीप्रमाणे लावून घेतलं असतं. लेकीने सांगितलं होतं तेच नेमकं. पण दातवाल्यांनी पाटीकडे कीव केल्यासारखं पाहिलं. घड्याळ बायकोने लावलं होतं. पाटी कुणी लावली होती कोण जाणे. त्यांना वसतिगृहाचा तो फिरलेला खांब आठवला आणि ते मनाशी हसून पुढे चालू लागले.

वर निवाऱ्याच्या दारावरही उंची रंगवलेली आहे. घड्याळ त्यापेक्षा पस्तीस मीटर जास्त दाखवत होतं. माणसाच्या मनात एव्हाना शंका यावी. दातवाल्यांच्याही आली, पण ती रंगाऱ्याबद्दल. दोन्ही पाट्या त्याच माणसाने रंगवल्या असणार, असा निष्कर्ष काढून त्यांनी डबा उघडला. हा माणूस आपल्या धंद्यात असता तर याने गावभर दात वाजवत ठेवले असते, असंही त्यांच्या मनात आलं.

दुसरं अंडं सोलेपर्यंत धुकं आलं. आधी खालचं जंगल गेलं, मग धार गेली, मग निवाऱ्याची पायरी. दातवाले बावचळले नाहीत. धुक्यात लोकांचं अडतं, कारण त्यांना दिसत नाही. दातवाल्यांना एरवी तरी दिसून काय उपयोग होता? मनगटावर आकडा स्पष्ट होता. त्यांनी टोपी कानांवर ओढली आणि धारेने उतरायला लागले. आज धुक्यातून आलो हे बाईंना कसं सांगायचं, याची जुळवाजुळवही त्यांनी सुरू केली होती.

तेराशे दहा आलं. डाव्या हाताला खरंच एक पायवाट फुटली होती. ते वळले.

वाट पहिल्यांदा ओळखीची वाटली, म्हणजे त्यांना कुठलीही वाट जेवढी वाटे तेवढी. मग पायांखाली गवताऐवजी खडी आली. खडी वाढत गेली. फोडलेल्या दगडांचे ढीग दिसले, एक गंजलेली तार दिसली. खऱ्या वाटेवर खडी नव्हती, हे घरी दिलेल्या परीक्षांमुळे त्यांना आता पक्कं माहीत होतं. त्यांनी पायाने एक दगड पुढे ढकलला. तो घरंगळत गेला, आणि मग त्याचा आवाजच बंद झाला. बऱ्याच वेळाने कुठून तरी खालून टक्क असं ऐकू आलं.

दातवाले जागच्या जागी बसले. ही जुनी दगडाची खाण होती, आणि ते तिच्या काठावर होते. पण पडायच्या भीतीपेक्षा दुसरीच एक गोष्ट त्यांना जास्त लागली. अट मोडली. आता घरी जाऊन सांगावं लागणार, आणि बाई काही बोलणार नाहीत, नुसत्या त्यांचं घड्याळ काढून कपाटात ठेवतील आणि शेजारी स्वतःचंही. दातवाल्यांना रडूच यायला लागलं. वय काय, आपण रडतोय काय, असं स्वतःला दटावूनही ते थांबेना.

तेवढ्यात खिशात फोन वाजला.

"किती वेळ फोन लावतेय मी," बाई म्हणाल्या. "लागतच नव्हता. कुठे आहात?"

"डोंगरावर," दातवाल्यांनी नाक पुसलं.

"ते मला माहीत आहे. ऐका. आपलं स्वयंपाकघर वर गेलंय."

"काय झालं घराला?"

"घराला काही झालेलं नाही. सकाळी इथे सहाशे बारा लावलं होतं ना? माझं घड्याळ आता सहाशे चौपन्न म्हणतंय. मी इथेच बसलेय, ओटा इथेच आहे. मला आधी वाटलं बिघडलं. मग लेक काय म्हणाली होती ते आठवलं. हवेचा दाब उतरलाय, घड्याळाला वाटतंय आपण वर चढलो. तुमचंही तेवढंच फसवत असणार. घड्याळात किती आहे?"

"बाराशे नव्वद. धुक्यात खडीवर बसलोय."

"त्यातून बेचाळीस काढा."

दातवाल्यांनी काढले. बाराशे अठ्ठेचाळीस. म्हणजे वळण केव्हाच वर राहून गेलं होतं. त्यांना ते आकड्यात कळलं, पण मनात शिरेना.

"अगं, पण घड्याळ तू लावलंस," ते म्हणाले.

"झऱ्यावरच्या पाटीवर किती होतं?"

"पाटी चुकीची आहे. निवाऱ्यावरची पण."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाई हसू दाबत होत्या की आणखी काही, ते फोनवर कळणं शक्य नव्हतं.

"पाटी बरोबर होती," बाई म्हणाल्या. "मी चुकले."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. गल्ल्या, गावं, स्टेशनं, डोंगर, सगळीकडे त्यांनी या बाईच्या मागे पाय टाकला होता आणि हे वाक्य एकदाही ऐकलं नव्हतं. खरं तर आत्ताही ते खरं नव्हतं. सकाळी लावलेला आकडा सकाळी बरोबरच होता. पण धुक्यात बसलेल्या या माणसाला तिथून उठवायचं तर आपलं बरोबर असणंच आधी सोडून द्यावं लागेल, हे बाईंनी ओळखलं होतं. दातवाल्यांनाही हे कळलं.

"ऐकताय ना? आलात तसेच मागे जा, पाय ओढत. धार लागली की वर चढा. तेराशे दहाचं वळण तुमच्या घड्याळात तेराशे बावन्नला येईल, आणि चढताय म्हणून उजव्या हाताला. फोन बंद करू नका."

दातवाले उठले. खडीवरून मागे गेले, गवत लागलं, धार लागली. एका हातात फोन कानाला, दुसरा हात डोळ्यांसमोर. ते आकडा वाचत, बाई ऐकत. मधेच धाप लागली की दोघंही थांबत.

"तेराशे तीस."

"हं."

"तेराशे चाळीस. तू काय करतेयस?"

"मी चढतेय," बाई म्हणाल्या. "ओटा सहाशे पंचावन्नवर आलाय, म्हणजे आता त्रेचाळीस झाले. तेराशे त्रेपन्नला बघा."

तेराशे त्रेपन्नला दातवाले थांबले. चहूकडे पांढरं. उजवीकडे वाट आहे की नाही, तेही दिसेना. चाचपायला म्हणून त्यांनी हात पुढे केला, आणि हाताला गार, ओलं, खरखरीत काहीतरी लागलं. त्यांच्या छातीएवढा उंच दगड होता. त्याला वळसा घालून वाट उजवीकडे जात होती.

"सापडलं," ते म्हणाले.

"जपून या," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बसमधून उतरून ते घरी आले तेव्हा बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या. गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी होती. दातवाल्यांनी बूटही काढले नाहीत. समोर उभे राहिले आणि म्हणाले, "वाट चुकलो. अट मोडली."

बाईंनी हात पुढे केला. दातवाल्यांना वाटलं, घड्याळ मागतायत. त्यांनी मनगट दिलं. बाईंनी त्याच्या शेजारी स्वतःचं मनगट धरलं. दोन्ही घड्याळांत एकच आकडा होता, सहाशे छप्पन्न, आणि चौकटीवर पेन्सिलीने सहाशे बारा.

"दोघंही सारखेच चुकलोय," दातवाले म्हणाले.

"म्हणून तर घरी पोहोचलात." बाईंनी त्यांचा जाड अंगठा धरला आणि नख दोन बटणांच्या मधोमध टेकवलं. "असा आडवा धरायचा. दाबा. पुढच्या वेळी झऱ्यापाशी पाटी बघून तुम्हीच लावायचं. मला विचारायचं नाही."

घड्याळ एकदाच वाजलं. आकडा सहाशे बारा झाला.

"पुढच्या वेळी?" दातवाले म्हणाले. "आणि अट?"

"अट मी घातली होती. मी चुकते, हे आज ठरलंय."

"आणि मी चुकीचा आकडा लावला तर?"

"तर मी आहे की इथे. माझं घड्याळ मी काढत नाही."

दातवाले खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक नाडी सुटेना. बाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि नेहमीची चौकशी सुरू केली. झऱ्याला पाणी होतं. दार करकरत होतं.

"दगड आहे का?"

"आहे," दातवाले म्हणाले, आणि या वेळी त्यांनी मान वर केली. "माझ्या छातीएवढा आहे. डावी बाजू खरखरीत आहे, वर शेवाळं आहे. इतक्या वर्षांत मी तो कधी पाहिलाच नव्हता. आहे आहे म्हणत होतो ते उगीच."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याच्याकडे कधी बघितलंच नाहीत. दर वेळी मी तिथे टेकून उभी राहायचे."

"कशाला?"

"तुम्ही मागे आहात ना ते बघायला."

दातवाल्यांच्या हातात नाडीचं टोक तसंच राहिलं. मग बाई वाकल्या, आणि ती गाठ त्यांनी सोडवली.